बाकावर कोणीच नाही

अमडापूर, ता. चिखली
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

मोबाईलवरचा तुझा निरोप ऐकला. फोन न करता लिहायला बसले, त्याचं कारण तुला माहीतच आहे. आपल्या घरी फोन लावला की आईसाठी स्पीकर चालू करावा लागतो, आणि मग तब्येत आणि हवामान यांच्यापलीकडे काही बोलणं होत नाही. तूही गाडी चालवताना बोलतोस. म्हणून हे कागद लिहून त्यांचे फोटो पाठवते. निवांत वाच.

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागलाय, पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती विहारापर्यंत चालत गेली आणि परतही चालतच आली. कोणी गाडीवर बस म्हणालं तर चिडत होती. यांची ड्युटी सध्या मेहकर आगारात, त्यामुळे आठवड्यातले काही दिवस तिकडेच मुक्काम असतो. या वर्षी पावसानं सोयाबीनची दैना केली. सोंगणी झाली, पण दाणा काळा पडलाय. शाळेत माझ्याकडे यंदा सातवीचा वर्ग आहे.

आता तुझ्या धम्मरत्नबद्दल. त्यानं तुमच्याकडचा तो हातात चेंडू घेऊन धडकायचा फुटबॉल सोडला हे तुझ्या मनाला फार लागलंय, ते आवाजावरून कळलं. तुमच्या शाळेला संघापुरती मुलंही मिळत नाहीत आणि पुढच्या वर्षी शेजारच्या गावाबरोबर मिळून एकच संघ करणार, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. आम्हाला इथं वाटतं की अमेरिकेत खेळाला काही कमी नसेल. तू पाठवलेल्या फोटोत तर केवढं मैदान, केवढे दिवे. आणि खेळायला मुलंच नाहीत.

तू म्हणतोस, त्या मैदानामुळे तुला गाव मिळालं. पंधरा वर्षं शेजारी राहूनही ज्यांनी नाव विचारलं नव्हतं, ते रत्न खेळायला लागल्यावर तुझ्यासाठी जागा धरून ठेवायला लागले. हे मी समजू शकते. आपल्या गावात आपल्याला कोणी जागा धरून ठेवत नव्हतं, आणि बाबांनी विहाराशेजारच्या पडीक जागेत कबड्डीचं मैदान आखलं तेव्हा ती परिस्थिती बदलली. मी ते विसरलेले नाही.

तुझं म्हणणं असं की मंजूनं त्याला समजवावं, कारण मंजू एवढी वर्षं खेड्यातल्या पोरींना खेळवते आहे. दादा, माझ्याकडेही आता पोरी उरलेल्या नाहीत. तुला आठवत असेल, मागे तू आलास तेव्हा पोरी दोन संघ करून एकमेकींविरुद्ध खेळून दाखवायच्या. नंतर शिकवण्या आल्या. चिखलीला क्लास, खामगावला क्लास, संध्याकाळी बसमधून उतरलेल्या पोरीत पळण्याचं त्राण राहत नाही. कोणाची आई म्हणते ऊन लागून पोरगी काळी पडते. कोणी मोबाईल घेऊन ओट्यावर बसते. ज्यांना पोलीस भरतीला जायचंय त्या पहाटे रस्त्यावर धावतात, पण त्यांना कबड्डी नको, फक्त वेळ मोजायची असते. या पावसाळ्यात जेमतेम सातजणी होत्या. सध्या मैदान बंदच आहे. पाऊसही फार झाला.

आमची महामाया बरी आहे. दहावीचं वर्ष, त्यामुळे ती सध्या खेळत नाही. रत्न आणि ती फोनवर बोलत असतात, काय बोलतात ते मला सांगत नाहीत.

रत्नशी मी बोलेन. तोवर तू त्याला घालूनपाडून बोलू नकोस. मुलांना खेळायचं नसेल तर तेही त्यांचंच आहे.

वहिनींना जयभीम. आई तुला रोज एकदा तरी आठवते, ते वेगळं लिहीत नाही.

तुझी,
मंजू


अमडापूर
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

परवा आई फोनवर बोलून गेली, "पोरीच्या डोक्याले लागलं होतं, आता बरी हाय." नंतर तुझा निरोप आला, की बहीण म्हणवतेस आणि एवढी गोष्ट लपवतेस. बरोबर आहे तुझं. लपवलं म्हण किंवा लिहायचं टाळलं म्हण. आज लिहिते.

ऑगस्टमध्ये मेहकरला एका मंडळाची मुलींची स्पर्धा होती. आम्ही जीप करून गेलो. सातच्या सात पोरी, मी आणि जीपवाला. राखीव खेळाडूंसाठी बाक ठेवला होता, त्यावर आमच्या पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या ठेवलेल्या. इतर संघांचीही फार वेगळी गत नव्हती. एका संघानं तर आदल्या दिवशी गावातल्या एका पोरीला नियम शिकवून आणलं होतं.

आमचा दुसरा सामना चांगला रंगला. माया चढाईला होती. तुला ती लहानपणची आठवते, पण आता तिची चढाई बघण्यासारखी आहे. समोरच्या सातजणी एकदम मागे सरकतात. शेवटची थोडी मिनिटं राहिली होती आणि आम्ही एका गुणानं मागे होतो. तिनं बोनस रेषेकडे पाय टाकला, तिकडच्या कोपऱ्यातल्या पोरीनं घोट्याला सूर मारला, माया पुढे पडली आणि दुसऱ्या पोरीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. कोणाची चूक नाही. खेळात असं होतं, मी स्वतः दोनदा बेशुद्ध पडलेली आहे, हे मी पालकांना हसत सांगायचे.

माया लगेच उठली. कपडे झटकले. म्हणाली, "मी ठीक आहे." मी तिला विचारलं, गुण किती झाले? तिनं फलकाकडे पाहिलं आणि वाचून सांगितलं. मग मलाच विचारलं, "आपण कोणासंगं खेळून राह्यलो?"

मी तिला बाहेर काढलं. पंचांना सांगितलं, आम्ही सहाजणींत खेळतो. तिची मैत्रीण पूनम माझ्याजवळ आली. "मॅडम, एक चढाई. एकच करू द्या तिले. आमच्यातलं कोणी ती करू शकत नाही." खरंच कोणी करू शकत नव्हतं. बाकावर एखादी जरी पोर बसलेली असती तरी तिला उठवून म्हटलं असतं, जा. तिथे पिशव्या होत्या. आम्ही हरलो.

जीपमध्ये तिनं तीनदा विचारलं, सामना कोण जिंकलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पूनम रडायला लागली. वाटेत मायाला उलटी झाली. आम्ही तिला तसंच अकोल्याला नेलं, हे ड्युटीवरून थेट तिथेच आले. डोक्याचा फोटो काढला. आत रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, मोबाईल नको, वाचन नको, उजेडही फार नको. पहिले काही दिवस ती उशीवर डोकं ठेवून नुसती पडून असायची. आपली आई तिच्या उशाशी बसून जुन्या गोष्टी सांगायची, आणि माया तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी नव्यानं ऐकायची. तेव्हा शाळेत फळ्यावर साधी बेरीज लिहिताना माझा हात थांबायचा.

आता ती पूर्ण बरी आहे. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितलं की हळूहळू खेळायला हरकत नाही. मी म्हटलं दहावी होऊ दे. तिच्या न बोलण्याची सवय झालीये आता घराला. मला सगळे सांगतात, मॅडम, तुम्ही अगदी योग्य केलं. डॉक्टरही म्हणाले, तिला पुन्हा खेळवलं असतं तर सांगता येत नव्हतं. फक्त माया मला तसं म्हणत नाही.

तुला सांगितलं नाही, कारण तुझं पोरगं त्याच दिवसांत डोक्यावर टोप घालून मैदानात उतरत होतं आणि तू मला आनंदानं फोटो पाठवत होतास. त्यावर मी काय लिहायचं होतं?

रत्नशी दोनदा बोलले. अभ्यास, हवा, आजीची तब्येत. फुटबॉलचं काढलं की "आवडत नाही, आत्या" एवढंच. त्याचा आवाज अगदी बाबांसारखा झालाय.

मैदानाचं तू पुन्हा विचारलंस. पोरी येत नाहीत, दादा. जबरदस्तीनं कोणाला खेळवता येतं का? काळ बदलला आहे. तुझ्याकडेही आणि माझ्याकडेही.

आईसाठी पाठवलेली गुडघ्याची पट्टी मिळाली. ती लावते आणि कोणी आलं की काढून ठेवते.

मंजू


अमडापूर
४ जानेवारी २०२६

प्रिय दादा,
जयभीम.

हे पत्र लांबेल. तू ते एकट्यानं वाचावंस, वहिनींनाही नंतर दे.

मागच्या दोन पत्रांत मी एक गोष्ट सारखी लिहिली, की पोरी येत नाहीत म्हणून मैदान बंद आहे. ते खरं नाही.

गीताबाईला तू ओळखत नसशील. पूनमची आई. गावाबाहेर त्यांचा मळा आहे, भाजीपाला करतात. पूनम खेळायला लागली तेव्हा हीच बाई शाळेत येऊन माझ्याशी भांडली होती, की पोरगी हाफ पँट घालणार नाही. डिसेंबरच्या मध्यावर एका दुपारी ती शाळेच्या फाटकात आली आणि म्हणाली, "मॅडम, पोट्ट्यांले वांग्याचा तुकडा मोकळा करून देल्ला, पण ढेकळं लय हायेत. तुमी एकदा येऊन पाहता का?" मला काही कळेना. तिला वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे, मीच पाठवलंय पोरींना.

मी तिच्याबरोबर गेले. वांग्याची झाडं उपटून मोकळ्या केलेल्या जागेत पोरींनी राखेनं रेषा मारल्या होत्या. पूनम होती, आमच्या आणखी चारजणी होत्या, आणि माया. शिकवणीला जाते म्हणून घरून निघणारी माया पकडीला उभी होती, पूनमच्या मनगटाला धरून.

मला बघून सगळ्या थांबल्या. माया लपली नाही. म्हणाली, "मी चढाई करून नाई राह्यली. नुसती पकडीला उभी आहे."

"घरी चल," मी म्हटलं.

"चलते. पण आधी यांना सांग."

"काय सांगू?"

"मैदान काऊन बंद केलं ते. तू सगळ्यांना सांगते पोरी येत नाहीत. मामाला पण तेच सांगते. आई, आम्ही येत होतो. तू फाटकाला कुलूप लावलं."

मी पूनमकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. "आम्ही रोज येऊन उभ्या राहायचो, मॅडम. मंग एकेकीच्या घरच्यांनी तिले क्लास लावून देल्ले."

दादा, हे असं होतं. मेहकरहून आल्यावर मी मैदानाच्या फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली आईच्या तांदळाच्या डब्यामागे ठेवली. आधी पावसाचं निमित्त सांगितलं, मग परीक्षेचं. संध्याकाळी पोरी फाटकाशी येतात हे मला माहीत होतं, म्हणून मी त्या वेळी शाळेतच वह्या तपासत बसायचे. हळूहळू त्या यायच्या बंद झाल्या, आणि मग मला खरंच म्हणता आलं की पोरी येत नाहीत. लोकांनीही लगेच मान हलवली. आजकालची मुलं अशीच, हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी तयारच असतं.

त्या वावरात मी पोरींना सांगितलं, मला भीती वाटते. एवढंच बोलता आलं. मॅडमनी असं म्हणावं हे त्यांना नवीन होतं.

गीताबाई बांधावर बसली होती. ती म्हणाली, "भेव तं मलेबी वाटते, मॅडम. पूनमले धाडते तवा रोजच वाटते. तुमी हाये म्हणून धाडत होती." मग म्हणाली, "तुमी नसान तं नाई धाडणार. पण मंग ते इथं ढेकळात खेळतीन."

घरी येताना मी आणि माया पुढेमागे चाललो. विहारापाशी आल्यावर ती थांबली. म्हणाली, "तू मले बाहेर काढलं त्याचा राग नाई मले. आधी होता. आता नाई. तू मले बाहेर काढलं अन् मंग सगळ्यांलेच काढलं, त्याचा आहे." आणि मग, "रत्नदादाचंही कोणी ऐकत नाही."

तिथून तुझ्या मुलाची गोष्ट सुरू होते. त्यानं मायाला ऑक्टोबरमध्येच सगळं सांगितलं होतं. तिनं मला सांगण्याआधी त्याला विचारलं, आणि मीही तुला लिहिण्याआधी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आत्या, तूच सांग. मी सांगायला लागलो की पप्पा मध्येच बोलतात."

तुमच्या खेळात म्हणे चढाई करणारे वेगळे असतात आणि अडवणारे वेगळे. एक गट खेळतो तेव्हा दुसरा बाहेर बसून दम खातो. या वर्षी मुलंच कमी, म्हणून रत्नच्या संघातली तीच तीच मुलं दोन्हीकडून खेळत होती. कोणी बाहेर बसत नव्हतं. रत्न म्हणाला, शेवटी शेवटी पाय उचलत नाहीत, आणि पाय उचलले नाहीत की डोकं पुढे जातं.

सप्टेंबरमधल्या एका सामन्यात त्याच्या शेजारी खेळणाऱ्या मुलाला टक्कर बसली. तो उठला, चालत गेला आणि समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. सगळे प्रेक्षक हसले. तू तो किस्सा मला फोनवर हसत हसत सांगितला होतास, आणि मीही हसले होते. रत्न हसला नाही. त्यानं त्या मुलाला हाताला धरून आपल्या रांगेत आणलं, आणि त्याच्या जागी पाठवायला कोणी नव्हतं म्हणून पुढच्या डावाला त्यालाच उभं केलं. तो पुन्हा पडला. नंतर कित्येक आठवडे तो मुलगा शाळेत आला नाही. रत्न त्याच्या घरी जाऊन काळोख्या खोलीत त्याच्याजवळ बसायचा. तुला वाटत होतं तो ग्रंथालयात जातो.

त्यानं खेळ सोडला तो त्यानंतर. प्रशिक्षकांना अभ्यासाचं कारण दिलं, तुला म्हणाला आवडत नाही. मी त्याला विचारलं, "बाबा रे, खरं का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "मी सोडल्यावर एक मुलगा आणखी कमी झाला, आत्या. माझ्यामुळे बाकीच्यांवर जास्त आलं. पप्पा ज्यांच्यासोबत बसतात ती त्यांचीच मुलं आहेत." तुझ्यासाठी जागा धरून ठेवणाऱ्या लोकांपुढे तुझी मान खाली जाईल, असं त्याला वाटत होतं. आणि त्याला खेळ आवडतो, दादा. अजूनही आवडतो. तो मायाला तिच्या चढाईबद्दल इतकं बारीक विचारतो की ती वैतागते.

तुला राग येईल. माझ्यावर काढ, त्याच्यावर काढू नकोस.

मैदान मी नाताळच्या सुट्टीत उघडलं. गवत कमरेएवढं झालं होतं. पोरींनी आणि गीताबाईनं मिळून काढलं, माती चाळली, पाणी मारलं. मी पालकांना विहारात बोलावून जे घडलं ते सगळं सांगितलं, कुलपासकट. दोघींच्या घरच्यांनी तिथेच नकार दिला, आणि मला तो पटला. नंतर पूनम घरोघर फिरली आणि तीन नव्या पोरी घेऊन आली, एक तर जेमतेम पाचवीतली. मी एक नियम केला आहे, की बाकावर निदान चारजणी बसलेल्या असल्याशिवाय आपला संघ कुठेही जाणार नाही. तेवढ्या आमच्याकडे आज नाहीत, म्हणून फेब्रुवारीतल्या स्पर्धेला आम्ही नाही म्हणून कळवलं. पोरी नाराज आहेत. कदाचित पुढच्या वर्षीही जमणार नाही. कदाचित कधीच जमणार नाही आणि हे मैदान माझ्या डोळ्यांदेखत संपेल. तसं झालं तर झालं, पण ते माझ्या कुलपानं संपणार नाही.

माया अभ्यास करून रोज थोडा वेळ येते. आज पहिल्यांदा चढाईला गेली. कोणी तिला धरलं नाही, मीच तसं सांगितलं होतं, आणि तिला ते कळलं. परत आल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "उद्या धरायला सांग." मी हो म्हटलं आहे. उद्याची संध्याकाळ कशी जाईल, माहीत नाही.

तू आज त्याच्या खोलीत जा. संघाचं काही काढू नकोस. त्याचा तो मित्र कसा आहे, एवढं विचार आणि गप्प बस. तो लवकर बोलणार नाही, तरी उठू नकोस.

भीत असलेली, तरी फाटक उघडं ठेवलेली,
तुझी बहीण
मंजुश्री